घराणं एका कंपनीचं, गरज दुसऱ्या गाडीची

पत्राचा सारांश: पत्रलेखक सोलापुरात विजापूर रस्त्याला राहतात, वय ४२, नोकरी शहरात. नान्नजच्या शिवारात पाच एकर द्राक्षबाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंत दीड किलोमीटर काळ्या मातीची पाणंद लागते. वडिलांची १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप, नंतर घेतलेली बोलेरो, ट्रॅक्टर, सगळं एकाच कंपनीचं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून जीप शेडमध्ये उभी आहे आणि तिची कागदपत्रं अजून वडिलांच्याच नावावर आहेत. आता बोलेरो विकून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायची आहे, सगळं मिळून पंधरा लाखांपर्यंत. महिंद्राच्याच तीन दारांच्या थारमध्ये गुडघे दुखणाऱ्या आईंना मागच्या सीटवर जाता आलं नाही. पाच दारांची थार रॉक्स फोर बाय फोरमध्ये बजेटबाहेर जाते. मारुतीची जिम्नी चालवून पाहिली. आई, पत्नी आणि दोन्ही मुलांना आवडली. पण चुलते म्हणतात, “आपण महिंद्रावाले. दादाच्या माघारी दारात दुसरा बिल्ला नको.” रविवारी गाड्या घेऊन बाहेर पडणारे मित्रही टोमणे मारतात. एका गॅरेजने जीप पूर्ण नवी करून द्यायला साडेचार लाख सांगितलेत. “तीच नवी करून रोज वापरावी का? दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली तर वडिलांशी बेइमानी केल्यासारखं होईल,” असं ते लिहितात.

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. जीपचं काय करायचं हा एक, आणि घरासाठी कोणती गाडी घ्यायची हा दुसरा. साडेचार लाखांचा आकडा मध्ये आला आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. ते दोन्ही वेगळे करून बघू. पण आधी बेइमानीबद्दल, कारण झोप त्यानेच उडाली आहे.

वडिलांनी ती जीप घेतली तेव्हा बाजारात काय मिळत होतं ते आठवा. डिझेलवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी, गावातल्या मेस्त्रीला उघडून बांधता येणारी गाडी हवी असेल तर महिंद्राशिवाय फारसा पर्यायच नव्हता. मारुतीची जिप्सी १९८५ पासून होती, पण पेट्रोलवर. म्हणजे तुमच्या वडिलांनी रान बघितलं, खर्च बघितला, दुरुस्ती कोण करेल ते बघितलं आणि गाडी निवडली. त्यांच्या त्या निवडीला तुम्ही आज घराण्याचा नियम करून ठेवलंय. वडील आज असते तर त्यांनी आईंना गाडीत बसवून बघितलं असतं, पाणंदीचा चिखल बघितला असता आणि मगच इसार दिला असता. तुम्ही नेमकं तेच केलंत.

शिवाय ज्या बिल्ल्याबद्दल चुलते बोलतात, त्याच्या आतली गाडी कायम एकच राहिलेली नाही. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या विलिज कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात केली. एमएम ५४० त्याच वंशातली, आणि तिच्या बोनेटखालचं डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याचं. वडिलांच्या जीपला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड हौसिंगचा एक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. २०१० च्या पहिल्या थारच्या सीआरडीई इंजिनाच्या प्रकारात पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, २०२० च्या थारमध्ये मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. सुधारणाच आहे ती, डांबरी रस्त्यावर गाडी कितीतरी शांत झाली. पण पुढे-मागे अखंड एक्सल, खाली शिडीसारखी चेसी आणि लिव्हरने लागणारी लो रेंज (चिखला-चढात कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) ही जुन्या जीपची मांडणी जशीच्या तशी कुठे बघायची असेल, तर ती आज जिम्नीत आहे. पाट्यांच्या जागी कॉइल आहेत एवढाच फरक. चुलत्यांना गाडीखाली वाकून हे दाखवा. ज्याने उभं आयुष्य जीप हाकली त्याला एक्सल बघून जेवढं पटेल, तेवढं तुमच्या बोलण्याने पटणार नाही.

निष्ठेत काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. तिचा एक भाग पैशात मोजता येतो. तुमच्या घराला त्या कंपनीच्या गाड्यांची नस माहीत आहे. मेस्त्री ओळखीचा आहे, पार्ट कुठल्या दुकानात मिळतो ते ठाऊक आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्या गाड्यांना जुन्या बाजारातही गिऱ्हाईक आहे. नव्या कंपनीकडे जाताना हे सगळं सोडून जावं लागतं, म्हणून त्याची किंमत आधीच काढा. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जाऊन सहा वस्तूंचा भाव आणि यायला लागणारे दिवस विचारा: क्लचचा पूर्ण सेट, पुढचे ब्रेक पॅड, पुढच्या चाकाचं बेअरिंग, पुढच्या एक्सलचं ऑइल सील, हेडलाइट आणि ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला) एखादा पार्ट. पहिले काही लगेच मिळतील. फोर बाय फोरचे पार्ट कमी खपतात, त्यामुळे खरी परीक्षा एक्सलच्या सीलची आणि ट्रान्सफर केसच्या पार्टची. तिथे उत्तर “मागवावं लागेल” असं आलं तर किती दिवस ते लिहून घ्या. हीच यादी घेऊन महिंद्राच्याही काउंटरवर जा. तिथे सगळं हजर असेलच असं धरून चालू नका.

निष्ठेचा दुसरा भाग धोक्याचा आहे. आपल्या लाडक्या गाडीचा दोष माणूस स्वभाव म्हणून खपवून घेतो. पन्नास-साठच्या वेगात, खड्ड्यावरून गेल्यावर जुन्या जीपचं स्टिअरिंग थडथड हलायला लागतं आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत राहत नाही. याला “जीप म्हटलं की एवढं चालायचंच” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चालायचं नाही. किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) बेअरिंग ढिलं झालेलं असतं, टायरॉडचे एंड झिजलेले असतात, पाट्यांचे बुश गेलेले असतात किंवा टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) बिघडलेला असतो, आणि बऱ्याचदा यातलं दोन-तीन एकदम. वरून स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) बसवला की हलणं दबतं, झीज मात्र आत तशीच चालू राहते. तुमचा ग्रुप असं काही हसण्यावारी नेत असेल तर तिथे जरूर अडवा.

आता गरज. तुम्ही फोर बाय फोर हवी असं लिहिलंत, ती कधी हवी ते लिहिलं नाही. पण बाग द्राक्षाची म्हटल्यावर अंदाज येतो. ऑक्टोबर छाटणी आणि परतीचा पाऊस एकाच सुमाराला येतात. छाटणीनंतर डोळे फुटायला लावायची पेस्ट, फुटव्यावर डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी, यातलं काहीच रान वाफशावर येईपर्यंत, म्हणजे चिखल सुकेपर्यंत थांबत नाही. म्हणजे वर्षातले काही आठवडेच, पण नेमके मोक्याचे.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन पाणंदीवर जा. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमुळे मधे जो उंचवटा राहतो तो चाकोरीच्या तळापासून किती उंच आहे ते सर्वांत वाईट ठिकाणी मोजा. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, थारचा २२६, फोर्सच्या २०२४ च्या गुरखाचा २३३. तुमचा उंचवटा २० सेंटिमीटर भरला आणि चाकं ओल्या मातीत आणखी पाच सेंटिमीटर रुतली, तर तिन्ही गाड्या पोटावर बसणार. बिल्ला कोणता हा प्रश्नच उरत नाही. बहुतेक पाणंदीत अशी अडचण पूर्ण लांबीभर नसते, साठ-सत्तर मीटरचा एखादा टप्पा असतो. साठ मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाडीचा मुरूम म्हणजे २७ घनमीटर, साधारण साडेनऊ ब्रास. दबल्यावर तो बसतो, म्हणून बारा ब्रास धरा. हे काम एप्रिल-मेमध्ये, माती वाळलेली असताना, दोन्ही बाजूंना चर काढूनच करा. ओल्या काळ्या मातीवर टाकलेला मुरूम पहिल्याच पावसात खाली गडप होतो. शेजारी वर्गणीला तयार असतील तर ग्रामपंचायतीत पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेचीही चौकशी करा. नव्या गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि ट्रॅक्टरलाही त्याचा फायदा होतो.

उरलेल्या चिखलासाठी टायर आणि चालवण्याची पद्धत. आपली काळी माती चिकण. दोन-चार फेऱ्यांत ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. शोरूममधून येणाऱ्या टायरच्या खाचा उथळ असतात, त्या सर्वांत आधी भरतात. खोल आणि मोकळ्या खाचांचा टायर फिरताना माती झटकतो, पण त्यासाठी चाकाला थोडा वेग लागतो. म्हणून लो रेंजमध्ये पहिल्याऐवजी दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, आणि मधे थांबायचं नाही. हवा रस्त्याला तीसच्या वर असेल ती पाणंदीत १८ ते २० पीएसआयवर आणा. पंधराच्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. डांबरीला लागल्यावर हवा पुन्हा भरायची आहे, तेव्हा बारा व्होल्टचा पंप गाडीतच असू द्या. आणि डांबरीला लागताना फोर बाय फोर काढायची. कोरड्या, घट्ट रस्त्यावर पुढची-मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात, ती ओढाताण ट्रान्सफर केस आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) येते. घरी आल्यावर रिमच्या आतल्या बाजूची माती खुरप्याने काढून पाणी मारा. वाळली की ती विटेसारखी होते, चाकाचं बॅलन्स बिघडवते आणि बार्शी रस्त्यावर सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंटवर पैसे घालतात आणि दोष असतो चिखलाचा.

चिखलात गाडी अडकते ती बहुधा साध्या डिफरन्शियलमुळे, म्हणजे एक्सलच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमुळे. एका बाजूचं चाक घसरलं की ताकद त्याच चाकाकडे जाते. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा घसरणीवर आलं की फोर बाय फोर असूनही गाडी जागीच. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे लॉक आहेत, थारच्या काही प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉक येतं. जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवते. ते काम करतं, पण चाक फिरल्यावरच. त्यामुळे चाक घसरलं की घाबरून ॲक्सिलरेटर सोडायची सवय मोडावी लागेल. दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा. खांदून खोल केलेल्या चाकोरीत गुरखा सरस, यात वाद नाही. पण ती दोन मीटरहून उंच आणि बरीच जड आहे, आणि रोज शहरात चालवायची आहे ती तुम्हाला आणि तुमच्या पत्नीला.

जिम्नीच्या उणिवाही ऐका. पेट्रोलचं इंजिन, १०५ पीएस आणि १३४ न्यूटन मीटर. डिझेलसारखी खालच्या आरपीएमवर ओढ नाही, रेव्ह करावी लागते. चार माणसांचीच गाडी, मागे जागा बेताची. खताची पाच-सात पोती किंवा द्राक्षाचे क्रेट नेहमी न्यायचे असतील तर ही गाडी तुमची नाही. ते काम ट्रॅक्टर-ट्रॉली करत असेल तर हरकत नाही. पेट्रोलच्या खर्चाचा बाऊ करू नका, हिशेब करा. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला तेरा धरले तर सुमारे ९२० लिटर. ॲव्हरेज जवळपास सारखंच मानून पेट्रोल-डिझेलच्या भावात बारा-चौदा रुपयांचा फरक धरा, तर वर्षाला अकरा-तेरा हजार जास्त.

डिझेलच घ्यायचं ठरलं तर एक सांगून ठेवतो, हे इतरांच्याही कामाचं आहे. बीएस ६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन चांगलं तापून सलग वीसेक मिनिटं बऱ्या वेगात चालावं लागतं. तुमचं घर ते बाग अंतर त्याला पुरेसं आहे. पण जे वस्तीवर राहतात आणि दिवसभर तीन-चार किलोमीटरच्या खेपा मारतात त्यांचा फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर मोठा खर्च निघतो.

रिअर व्हील ड्राइव्हची थार बजेटात बसते म्हणून कोणी सुचवेल. दिसायला तीच, पण पुढच्या चाकांना ताकद नाही आणि लो रेंज नाही. आईंना मागे दारही नाही. फक्त बिल्ल्यासाठी ती घेणं म्हणजे दोन्ही गरजा सोडणं.

माझं मत स्पष्ट आहे: पत्रातल्या गरजा बघता जिम्नी घ्या. पाणंदीचं माप आणि पार्ट काउंटरची उत्तरं याच्या विरोधात गेली तरच फेरविचार करा. दोन गाड्या सगळ्या बाबतीत तुल्यबळ ठरल्या असत्या, तर घराण्याच्या कंपनीला झुकतं माप द्या असंच मी सांगितलं असतं. इथे तुमची आई एकीत बसू शकते आणि दुसरीत नाही.

आता जीप. ती विकू नका, आणि रोजच्या वापरालाही घेऊ नका. तिला एअरबॅग नाहीत, मुलांना बांधायला धड पट्टे नाहीत. जिम्नीला सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत आहेत. साडेचार लाखांचा ठोक भाव नाकारा. त्यात रंग आणि शोभा किती, चेसी आणि ब्रेक किती, हे कळत नाही. जीप चालती करायचं काम टप्प्याटप्प्याने आणि ओळखीच्या मेस्त्रीकडून करून घ्या. पहिला टप्पा चेसीचा. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटे चेसीला टांगणाऱ्या कडीजवळ), बॉडी जिथे चेसीवर बसते त्या जागी आणि स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर पत्रा आतून खाल्लेला आहे, आणि तो आकडा कळेपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका. मग ब्रेक. व्हील सिलिंडर तीन वर्षांत जाम झालेले असणार, रबरी पाइप तडकलेले. मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून पाइप सगळे नवेच. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षांच्या टायरवर रस्त्याला जाऊ नका.

इंजिन घाईने सुरू करू नका. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकी धुवा, फिल्टर बदला, इंजिन ऑइल बदला. पंखा-पट्ट्याने किंवा हँडलने इंजिन हाताने फिरतंय ना ते बघा. नंतर स्टॉप (इंजिन बंद करायची दांडी) ओढून धरून थोडा थोडा वेळ सेल्फ मारा, काट्यावर ऑइलचा दाब दिसला की मग स्टॉप सोडा. लाइनमधली हवा काढावी लागेलच. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. फुत्कार टाकत धूर येत असेल तर पिस्टन-लायनरचं काम आहे. नुसती वाफ असेल तर नोझल आणि पंप कॅलिब्रेशनवर भागेल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल काढून रंग बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, सील आणि ब्रीदर तपासा. डेंटिंग-पेंटिंग सगळ्यांत शेवटी. बरेच जण सुरुवातच रंगाने करतात, पैसे तिथेच संपतात आणि चमकदार जीप शेडमध्ये उभीच राहते. मोठे टायर, रुंद रिम, दुसरं इंजिन या मोहात पडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल अडचणीत आणतात आणि पासिंगला गाडी परत पाठवली जाते.

कागदांचं काम तर आधीच व्हायला हवं होतं. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असा नियम आहे. उशीर झालाय, दंड भरून करून टाका. मृत्यूचा दाखला, आई आणि इतर वारसांची संमती, आर.सी. बुक, विमा ही कागदं लागतील. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवावी लागते, तपासणी होते आणि पर्यावरण करही असतो. सध्याचे दर सोलापूर आरटीओत विचारून घ्या. जुन्या डिझेल गाड्यांवरची दहा वर्षांची बंदी दिल्ली परिसराची आहे, आपल्या एमएच १३ ला ती लागू नाही. कोणी त्या भीतीने जीप स्वस्तात मागायला आलं तर भुलू नका. नाव आणि विमा नीट होईपर्यंत मात्र जीप रस्त्यावर आणू नका. वडिलांच्या नावावरच्या गाडीने अपघात झाला तर भरपाईचा सगळा त्रास आईंच्या मागे लागेल.

मित्रांचं फार मनावर घेऊ नका. सोबत जाताना पुढे-मागे मजबूत हुक, गाडी ओढायचा रिकव्हरी पट्टा आणि तो अडकवायच्या दोन कड्या असल्या की झालं. चिखलातून ओढताना बिल्ला कोणी बघत नाही. एक मात्र त्यांना सांगा: नान्नजच्या गवताळ माळावर गाड्या घालू नका. ते माळढोक अभयारण्य आहे, तिथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात.

चुलत्यांशी बोलताना “मी जिम्नी घेतोय” अशी सुरुवात करू नका. आधी जीपच्या नावाचं आणि चेसीचं काम काढा आणि त्यावर देखरेख करायला त्यांना बोलवा. वडिलांच्या बरोबरीने ती गाडी त्यांनीच हाकली आहे. कोणता आवाज कुठून येतो हे मेस्त्रीपेक्षा त्यांना जास्त कळेल. जीप विकली जाणार नाही हे डोळ्यांनी दिसलं की निम्मा विरोध मावळेल. मग एखाद्या मोठ्या पावसानंतर, जिम्नी असलेला कोणी ओळखीचा गाठून, त्याला पेट्रोलचे पैसे देऊन गाडी पाणंदीवर आणा. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हची गाडी चिखलात घालू देत नाहीत. आईंना मागे बसवा, चुलत्यांना पुढे, आणि दीड किलोमीटर जाऊन या. जमलं तर हे छाटणीच्या आधी उरका, म्हणजे फवारणीला गाडी हाताशी असेल.